भीमेतले राखणदार

जुलै संपत आला की दौंडच्या आसपास भीमेचं पाणी काठच्या बाभळींच्या बुडाला लागतं. धार लागत नाही अशा कोपऱ्यात जलपर्णी, लव्हाळा आणि वरून वाहत आलेलं उसाचं पाचट अडकून बसतं. अशा एखाद्या कोपऱ्यात वारा पडलेला असताना टोपलीएवढ्या जागेत पाणी अचानक फुटायला लागतं. आभाळ कोरडं, पण तेवढ्यापुरते पावसाचे टपोरे थेंब पडावेत तसं. क्षणभरात सगळं शांत. मग दोन हात पुढे पुन्हा तेच. वाकून पाहिलं तर शेंदरी, तांबूस रंगाच्या काडीएवढ्या पिलांचा पुंजका दिसतो. शेकड्यांनी पिलं, एकमेकांना चिकटून, एका वेळी वर येऊन हवेचा घोट घेतात आणि एका वेळी खाली जातात. त्यांच्या खाली, पाणी गढूळ नसेल तर, हातभर लांबीची काळपट सावली जवळजवळ स्थिर असते. तो मरळ.

घोड, भीमा आणि मुळा-मुठा या तीन नद्यांच्या काठी वाढलेल्या कुणालाही मरळ सांगावा लागत नाही. काटे कमी, मांस घट्ट आणि बाहेर काढल्यावरही बराच वेळ जिवंत राहणारा, त्यामुळे बाजारात त्याचा भाव इतर नदीमाशांपेक्षा नेहमीच चढा. शेजारच्या तेलंगणाने तर त्याला राज्यमाशाचा मान दिला आहे. पण तो चवीने खाणाऱ्यांतल्याही थोड्यांना माहीत असतं की हा मासा नदीतल्या सर्वांत कडक बापांपैकी एक आहे.

मरळाची जोडी वीण करायला आधी जागा निवडते. पाणी संथ हवं, उथळ हवं आणि वर झाडोरा हवा. मग दोघं मिळून त्या झाडोऱ्यात एक गोल मोकळी जागा करतात. पाणवनस्पतींचे देठ दातांनी तोडतात, शेपटीने बाजूला सारतात. अंडी त्या मोकळ्या जागेत पृष्ठभागावर तरंगतात. प्रत्येक अंड्यात तेलाचा थेंब असतो, म्हणून ती बुडत नाहीत. रंग पिवळसर, मधासारखा. हे तरंगणं फार कामाचं आहे. साठलेल्या, कुजक्या पाण्यात तळाशी प्राणवायू उरत नाही. जो काही असतो तो हवेला लागून असलेल्या वरच्या थरात. मरळाने अंडी तळाला घातली असती तर ती तिथेच गुदमरली असती.

अंडी उबायला उन्हाळी-पावसाळी पाण्यात एक-दोन दिवस पुरतात. तेवढ्या काळात आणि त्यानंतरचे काही आठवडे पहारा चालू राहतो. दोघंही आसपास असतात, पण पुंजक्याच्या अगदी जवळ सहसा नर. बेडूक असो, पाणदिवड असो, दुसरा मरळ असो, जवळ येणाऱ्या कशाच्याही अंगावर तो जातो. या काळात त्याचं खाणं जवळपास सुटलेलं असतं. पिलं थोडी मोठी झाली की त्यांच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत हवा साठवणारा अवयव तयार होतो आणि तिथून पुढे त्यांना हवा घ्यायला वर यावंच लागतं. मोठ्या मरळालाही यावं लागतं. पृष्ठभागाला जाऊच दिलं नाही तर मरळ पाण्यात बुडून मरतो, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे.

आता अडचण अशी की शेकडो पिलं एकदम वर आली की ती दिसतात. वर कवड्या धीवर एका जागी पंख फडफडवत थांबलेला असतो. भिगवणच्या बाजूला नदी सुरय पाण्यावरून घिरट्या घालत असतात. काठाला बगळे, खडकावर पंख वाळवत बसलेले पाणकावळे. म्हणजे पिलांचं जगणं वर येण्यावर अवलंबून आणि मरणही वरच. यावर मरळाचा उपाय दोन पदरी आहे. एक, सगळ्यांनी एकत्र वर यायचं आणि एकत्र खाली जायचं, त्यामुळे प्रत्येकाची उघड्यावरची वेळ क्षणभराची. दोन, खालून होणारा हल्ला बापाने अडवायचा. वरून येणाऱ्या पक्ष्याला तो फारसं काही करू शकत नाही. पण पाण्यातल्या लहान जिवाचे बहुतेक शत्रू पाण्यातच असतात. चतुराच्या अळ्या, पाणढेकूण, भुकेले मासे. त्यांच्यापुढे बापाचं जवळ असणं पुरेसं ठरतं.

हाच पहारा माणसाने मात्र मरळाविरुद्ध वापरला. गळाला जिवंत बेडकी लावायची आणि पुंजक्याच्या मधून ओढत न्यायची, एवढंच. भूक नसलेला, खाणं सोडून दिलेला मरळ त्या बेडकीवर तुटून पडतो, कारण त्याच्या लेखी ती पिलं खायला आलेली असते. गळ कितीही ओबडधोबड असो, या दिवसांत मरळ चुकत नाही. बाप काठावर आला की खाली उरलेल्या पुंजक्याचं भवितव्य काही तासांचं असतं. एका माशाबरोबर एक पिढी जाते. वीण चालू असलेल्या माशाला असा गळ टाकणं ही शिकार नव्हे, असं माझं मत आहे. जुन्या भोयांपैकी अनेक जण पुंजक्यावरचा मरळ सोडून देत. ते काही माशांवर दया म्हणून नव्हे, पुढच्या वर्षीचा हिशोब म्हणून.

पण मुळात एखाद्या माशाने पिलं का राखावीत? बहुतेक मासे राखत नाहीत. माशांच्या सगळ्या कुळांपैकी जेमतेम एक पंचमांश कुळांत आईबापांकडून कसलीही काळजी घेतली जाते. बाकीचे अंडी सोडतात आणि निघून जातात. किलोभर वजनाची रोहूची मादी एका हंगामात दोन-तीन लाख अंडी सोडते आणि पुराच्या पाण्यावर सगळा भरवसा टाकते. मरळाची अंडी काही हजारांत. चिलापीची काही शेकड्यांत. संख्या कितीही असो, माशांची संख्या वर्षानुवर्षं तेवढीच राहायची असेल तर एका जोडीच्या साऱ्या अंड्यांतून सरासरी दोनच पिलं मोठी होऊन वीण करण्यापर्यंत पोचायला हवीत. रोहू ती दोन पिलं लाखांत शोधतो, चिलापी शेकड्यांत. जिथे नशिबाचा भाग मोठा तिथे अंडी जास्त, जिथे पहारा मोठा तिथे अंडी कमी.

पहारा करणारा बहुधा बाप असतो, याचं नवल वाटायला नको. बहुतेक माशांत अंडी मादीच्या शरीराबाहेर फळतात. मादी अंडी टाकून मोकळी होते आणि ती जागा मुळात नराने धरलेली असते. तिथे थांबलं की अंडीही राखली जातात आणि पुढची मादीही त्याच जागी येते. वात्सल्य म्हणा, पण त्यात जागेचा मालकी हक्कही मिसळलेला आहे.

याच भागातल्या माशांची पहिली पद्धतशीर नोंद एका लष्करी माणसाने केली. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा 1820 च्या दशकात मुंबई सरकारसाठी दख्खनची आकडेवारी गोळा करत हिंडला. जमीन, पिकं, माणसं यांच्या जोडीला त्याने पक्षी आणि मासेही जमवले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध 1839 च्या सुमारास लंडनमध्ये छापून झाला. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतून मिळालेल्या महाशीराला त्याने ‘खुद्री’ हे नाव दिलं, ते आजही शास्त्रीय नावात आहे. मोठ्या मरळालाही त्याने नाव दिलं होतं, पण तो मासा हॅमिल्टन या अभ्यासकाने 1822 मध्येच गंगेच्या खोऱ्यातून नोंदवलेला निघाला आणि साइक्सचं नाव मागे पडलं. साइक्सने जिथे महाशीर पकडला त्या मुळा-मुठेचं आजचं पाणी रांजणगाव सांडसला भीमेला मिळताना ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. वास आधी पोचतो.

महाशीर पिलं राखत नाही. त्याला वाहतं, स्वच्छ, खडकाळ पाणी लागतं आणि वीण करायला वर चढून जावं लागतं. तीच गत पहिल्या पावसात धारेविरुद्ध निघणाऱ्या चढणीच्या माशांची. भीमेवर चासकमान, घोडेवर डिंभे आणि शिरूर तालुक्यातच चिंचणीचं घोड धरण, त्याखेरीज जागोजागी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, आणि खाली 1980 मध्ये पूर्ण झालेलं उजनी. या साखळीत चढणीला वाट कुठे आहे? पण संथ, साठलेलं, उथळ कडा असलेलं, जलपर्णीने भरलेलं पाणी मात्र भरपूर झालं. अंडी पुरावर सोडणाऱ्यांचा रस्ता बंद झाला आणि एका जागी बसून राखणाऱ्यांना मोठं अंगण मिळालं. या एका वाक्यात मला वाटतं गेल्या अर्धशतकातला भीमेच्या माशांचा बराचसा इतिहास येतो. उरलेला भाग सांडपाण्याचा. मरळ हवेतून श्वास घेतो, चिलापी कमी प्राणवायूतही तग धरते. तिथेही राखणदारांचीच सरशी झाली.

रोहू, कटला, मृगळ जलाशयांत दिसतात ते मत्स्यबीज सोडल्यामुळे. 1957 मध्ये डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी द्यायला लावलं, तिथून सगळं बदललं. तेव्हापासून मत्स्यजिरे आणि बोटुकली ही पिशवीतून येणारी वस्तू झाली. जे काम पूर करत होता ते इंजेक्शन करतं, आणि जे काम आईबापांनी कधीच केलं नव्हतं ते संवर्धन तलावातला माणूस करतो. बेडूक, पाणकिडे, पाणदिवड दूर ठेवायचे आणि पिलं बोटभर होईपर्यंत थांबायचं.

चिलापीला यातलं काहीच लागलं नाही. हा मासा आफ्रिकेचा. मोझांबिक तिलापिया 1952 मध्ये श्रीलंकेतून भारतात आणली गेली. गोरगरिबांना स्वस्त प्रथिनं मिळावीत, हा हेतू. आज भिगवणच्या मासळी बाजारात चिलापीच्या राशी लागतात आणि हायवेवरच्या हॉटेलांत ती तळून मिळते. ती एवढी फोफावली याचं गुपित तिच्या तोंडात आहे, अगदी शब्दशः.

नर उथळ पाण्यात तळाला तोंडाने वाळू आणि चिखल उचलून गोल खड्डा करतो. असे कितीतरी नर शेजारी शेजारी आपापले खड्डे धरून बसतात. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात परातीएवढ्या वाटोळ्या खळग्यांच्या रांगा दिसतात, त्या याच. पण तो खड्डा पाळणा नव्हे. मादी तिथे अंडी घालते आणि लगेच ती तोंडात उचलून घेते. नराचं काम तिथे संपलं. मादी दूर, झाडोऱ्यात किंवा खडकाच्या आडोशाला जाते आणि तोंड मिटून बसते.

तिला तेव्हा जवळून पाहिलं तर गालफड फुगलेलं आणि खालचा जबडा ताणलेला दिसतो. अधूनमधून ती चघळल्यासारखं करते. खात नसते. तोंडातली अंडी घोळवत असते, म्हणजे प्रत्येक अंड्याला ताजं पाणी लागेल आणि बुरशी धरणार नाही. अंडी तीन ते पाच दिवसांत उबतात, पण पिलं आत राहतात. पोटाला चिकटलेला बलक संपेपर्यंत त्यांना बाहेरचं काही लागतही नाही. साधारण पंधरवडाभर आई जवळपास उपाशी असते.

त्यानंतरचा भाग मला सर्वांत विलक्षण वाटतो. आई तोंड उघडते आणि पिलांचा ढग बाहेर येतो. ती चरतात, आई लक्ष ठेवते. धोका आला की ती डोकं किंचित खाली करून हळूहळू मागे सरकते. हा इशारा. पिलं तिच्याकडे धावतात आणि तिच्या अंगावरच्या गडद जागांशी, मुख्यतः तोंडाच्या आसपास, गर्दी करतात. ती त्यांना आत ओढून घेते. काही सेकंदांत ढग नाहीसा होतो आणि मागे फक्त एक फुगल्या गालांचा मासा उरतो. शिकारी माशाला पिलं होती कुठे हेच कळत नाही. हे आठवडाभर, कधी जास्त चालतं. मग पिलं मोठी होतात, तोंडात मावेनाशी होतात, आणि आई पुढच्या विणीच्या तयारीला लागते. गरम पाण्यात हे वर्षातून अनेकदा होतं. रोहूला वर्षातून एक पूर हवा आणि तोही वेळेवर. चिलापीला पुराचं काही देणंघेणं नाही.

इतक्या भक्कम बंदोबस्तालाही फसवणारे असतात. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात एक मिशाळ मासा तोंडात अंडी वाढवणाऱ्या माशांच्या विणीत घुसतो आणि आपली अंडी त्यांच्या अंड्यांत मिसळतो. आई दोन्ही उचलते. मिशाळाची पिलं आधी उबतात आणि तोंडातल्या तोंडात यजमानाची पिलं खातात. आपल्याकडची कोकिळा कावळ्याच्या घरट्यात करते त्याच्या वरताण. सुदैवाने, की चिलापीच्या राशी बघता दुर्दैवाने, भीमेत हा मासा नाही.

तोंडात पिलं वाढवणारा अस्सल देशी मासाही इथे आहे. तो मरळाचाच धाकटा भाऊ, शास्त्रीय नाव चन्ना गचुआ. वीतभर लांबीचा, शेपटीच्या आणि पाठीच्या पराला केशरी कड असलेला. तो मोठ्या नदीत कमी, ओढ्यांत, झऱ्यांच्या डबक्यांत, भातखाचरांत जास्त. शिरूरच्या पश्चिमेला, डोंगराच्या बाजूला जावं तसा तो वाढत जातो. मोठा मरळ पिलांभोवती पहारा देतो, हा त्यांना तोंडातच घेतो, आणि घेतो तो बाप. अंडी थोडी, पण प्रत्येक तळहातावरच्या फोडासारखी जपलेली. या गटातल्या काही जातींत मादी नंतर मुद्दाम न फळणारी अंडी सोडते आणि पिलं ती खातात. बापाने राखायचं आणि आईने भरवायचं, अशी वाटणी. ओढ्याच्या डबक्यात पिलांना पुरेल एवढं अन्नच नसतं, हे ध्यानात घेतलं की त्या अंड्यांचा उलगडा होतो.

नदीच्या तळाशीही पहारेकरी आहेत. मिशावाल्या माशांपैकी शिंगाळ्याचा नर वाळूमिश्रित तळात खड्डा करून अंडी राखतो. देशी मागूर चिखलातल्या बिळात अंडी ठेवतो आणि नर बिळाशी थांबतो. इथे धरणांपेक्षा मोठा घाव वाळूचा आहे. घोड आणि भीमेच्या पात्रातून दौंड-शिरूर भागात जी वाळू उपसली गेली, तिच्याबद्दल वर्तमानपत्रांत महसूल खात्याच्या कारवाया येतात, जप्त बोटी स्फोटकांनी उडवल्याचे फोटो येतात. दंड ब्रासच्या हिशोबाने लावला जातो. त्या वाळूतल्या खड्ड्यांची मोजदाद कुठल्याच पंचनाम्यात नसते. यांत्रिक बोटीचा पंप तळ ओढतो तेव्हा राखणारा नर कितीही निष्ठेने जागेवर बसला तरी काय करणार? राखणदाराचं सगळं शौर्य जागा टिकण्यावर अवलंबून आहे.

देशी मागुराशेजारी त्याचा आफ्रिकन भाऊबंद ठेवून पाहण्यासारखा आहे. ‘थाई मांगूर’ या नावाने ओळखला जाणारा हा मासा पाळायला देशात बंदी आहे, तरी उजनीच्या काठच्या तालुक्यांत त्याची चोरटी तळी सापडत राहिली आणि मत्स्य विभाग ती मोडत राहिला. तो पिलांची कसलीच राखण करत नाही. हजारोंनी अंडी गवतात पसरतो आणि जातो. वाढतो मात्र झपाट्याने, आणि समोर येईल ते खातो, त्यात राखलेली आणि न राखलेली दोन्ही प्रकारची पिलं आली. म्हणजे राखण हा यशाचा एकमेव मार्ग आहे असं समजायचं कारण नाही.

आरोग्य खातं डासांसाठी हौदांत सोडतं ते गप्पी मासे तिसराच मार्ग धरतात. अंडी पोटातच उबवतात आणि पोहणारी पिलं जन्माला घालतात. त्या घटकेपासून ओळख संपते. भूक लागली की आई स्वतःची पिलं गिळते, म्हणून पैदास केंद्रांतल्या टाक्यांत पिलांना दडायला पाणवनस्पती ठेवाव्या लागतात.

पिलं खाणं ही मरळाच्याही गोष्टीतली शेवटची पायरी आहे. पण त्याआधी, पुंजका एकत्र ठेवण्याचा एक धोका वडाप या जाळ्याने दाखवून दिला. उजनीत बारीक आसाच्या या जाळ्याला मनाई असूनही ते ओढलं जातं आणि लहान मासळी सरसकट येते. विखुरलेली पिलं काही निसटतात, पुंजक्यातली सगळी एका ओढीत जातात. बगळ्यासाठी घडलेली सवय वडापापुढे उलटी पडते. जो पुंजका वाचतो त्यातली पिलं चार-सहा आठवड्यांत शेंदरी रंग टाकून काळपट होतात, पुंजका सैल पडतो आणि बाप निघून जातो. त्यानंतर तो त्यांना ओळखत नाही, भेटली तर खातोही. पिलं त्याची वाट बघत बसत नाहीत. ज्याची वाढ दोन बोटं जास्त तो शेजारच्या भावाला गिळायला लागतो. शेततळ्यात मरळ पाळणारे शेतकरी म्हणून दर थोड्या दिवसांनी जाळं ओढून पिलं लांबीप्रमाणे वेगळी करतात आणि प्रत्येक मापाचं वेगळं तळं ठेवतात. हे काम चुकलं तर हजार पिलं सोडलेल्या तळ्यात दिवाळीपर्यंत मोजकेच, पण चांगले धष्टपुष्ट मरळ उरतात.